कडूबाईच्या उन्हाचा दावा

उन्हाचा कागद कुठं मिळतो, असं मला वकिलीच्या अख्ख्या आयुष्यात एकाच माणसाने विचारलं. त्या बाईला मी त्या दिवशी जवळजवळ हाकलूनच दिलं होतं. ते आठवलं की अजून स्वतःचा राग येतो.

एकोणीसशे एकोणनव्वदचा जानेवारी होता. जिंतूरच्या कोर्टाच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली माझं टेबल असायचं. वकील होऊन चार वर्षं झाली होती आणि अंगावरचा काळा कोट माझ्यापेक्षा जास्त मुरलेला होता, कारण तो माझ्या मामांचा होता. पन्नाशीकडे झुकलेली एक काटकुळी बाई समोर येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, बोटांना सुईचे घट्टे पडलेले.

"वकीलसाब, उन्हाचा कागद कुठं मिळतो?"

"कशाचा?"

"उन्हाचा. जमिनीला सातबारा असतो, घराला नमुना आठ असतो. माझ्या माळवदावर जे ऊन पडतंय त्याचा कागद पायजे. शेजारी माडी चढवायलाय."

मी हसलो. बाजूच्या दोन टेबलांवरचे वकीलही हसले, तेव्हा मला आणखी चेव आला. "मावशी, ऊन कुणाच्या नावावर नसतं. सूर्यनारायणाला पक्षकार करावं लागेल, आणि त्याला समन्स कोण बजावणार?"

ती हसली नाही, चिडली नाही, गेलीही नाही. खाली फरशीवर बसली आणि म्हणाली, "हसून झालं की सांगा. मी हाय इथंच."

तिचं नाव कडूबाई. बोरीत एका अरुंद बोळात तिचं घर होतं. तिच्या बाविसाव्या वर्षी नवरा तापाने गेला. माहेरी जावं तर माहेरच राहणार नव्हतं, कारण ते गाव येलदरीच्या धरणात बुडणार होतं आणि उठायला लागलं होतं. जे ते आपापलं दार-चौकट काढून गाडीत भरत होतं. त्या धांदलीत वडिलांनी घरातलं पायाने चालवायचं शिवणयंत्र बैलगाडीत घातलं आणि लेकीच्या दारात आणून उतरवलं. त्यानंतर तिने चोळ्या, परकर, पोरांची झबली शिवून पोट भरलं. पुढे त्या बुडालेल्या गावावरच्या पाण्याची वीज झाली, ती जिल्हाभर गेली, पण कडूबाईच्या बोळात आली नाही. खांब बोळाच्या तोंडाशी येऊन थांबला. बोळ अरुंद आहे, एवढंच उत्तर तिला दरवेळी मिळायचं.

"माजं माहेर बुडवून लाईट केली अन मलाच न्हाई," ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. नवल वाटल्यासारखं बोलली.

माळवदाचं घर ज्याने पाहिलं नाही त्याला तिथला अंधार सांगून कळायचा नाही. जाडजूड भिंती, वर तुळया, फळ्या आणि त्यावर हातभर माती. उन्हाळ्यात गारवा असतो, पण भरदुपारीही आत दिसत नाही. उजेडासाठी छताला दीड हाताचा एक झरोका ठेवलेला असतो, तेवढाच काय तो आधार. बाहेर बोळात बसून शिवायची सोय नव्हती, कारण तरण्या विधवेने रस्त्यावर मशीन मांडणं भावकीला खपलं नसतं. मग ती त्या झरोक्याखाली बसून शिवायची.

सत्याऐंशी साली मात्र तिचं नशीब उघडलं. खांब न पोचलेल्या घरांसाठी सरकारी योजनेतून उन्हावर चालणाऱ्या काही पाट्या तालुक्यात आल्या. घर स्वतःच्या नावावर हवं आणि छतावर दिवसभर ऊन हवं, अशा दोनच अटी होत्या. साहेब गावातली माळवदं हिंडले आणि कडूबाईच्या माळवदावर थांबले. काळी पाटी आली, खाली बॅटरी आली, मशीनच्या डोक्यावर हातभर लांबीची ट्यूब लागली. पाटीचा सांगाडा बसवायला घट्ट जागा हवी होती, ती झरोक्याच्या बांधलेल्या कडेची मिळाली. आता झरोक्याचं काय काम, म्हणून धरणावर काम केलेल्या एका गवंड्याकडून तिने तो सिमेंटने बुजवून घेतला.

"पक्का बुजवला बगा," ती मला अभिमानाने म्हणाली.

आता दक्षिणेकडचा शेजारी माणिकराव मुलाच्या लग्नासाठी माडी चढवत होता. भिंत जशी वर आली तशी पाटीवर सावली येऊ लागली. ट्यूब दुपारीच पिवळी पडायची. माडी पुरी झाली असती तर पाटी म्हणजे छतावर ठेवलेली एक काळी फळी उरली असती, आणि खाली झरोकाही बुजलेला. शिवणं बंद म्हणजे कडूबाईचं सगळंच बंद.

माणिकराव वाईट माणूस नव्हता. भावकीतला, तिला वैनी म्हणणारा. तो एवढंच म्हणायचा की माझ्या जागेत मी आभाळापर्यंत बांधीन. कायदाही हेच म्हणतो.

दुपारी कोर्ट उठल्यावर मी मामांचं कपाट उघडलं. वहिवाटीचे हक्क सांगणारा जुना कायदा काढला. जसजसा वाचत गेलो तसतसं माझं तोंड उतरत गेलं. मोकळ्या छतावर पडणाऱ्या उन्हावर घरमालकाचा हक्क नाही. छतावर पाटी लावली म्हणून शेजाऱ्याला बांधकाम थांबवायला सांगता येत नाही. हक्क आहे तो घराच्या खिडकीला, झरोक्याला. वीस वर्षं बिनतक्रार ज्या वाटेने घरात उजेड येत आला, ती वाट शेजाऱ्याला बुजवता येत नाही, आणि त्या उजेडावर जो धंदा चालत आला तो मोडता येत नाही.

म्हणजे त्या महागड्या पाटीला कवडीचं संरक्षण नव्हतं. त्या धुरकट भोकाला होतं. आणि कडूबाईने ते भोक स्वतः पक्कं बुजवलं होतं.

पुढचं कलम वाचून मी खुर्चीवरून उठलोच. ती वीस वर्षं दावा लावण्याच्या आधीच्या दोन वर्षांत संपलेली असली तरी चालतं. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी दम न खाता विचारलं, "झरोका कधी बुजवला? नक्की दिवस सांगा."

"शिवरातीच्या आदल्या दिशी."

जुनं पंचांग काढून पाहिलं. दोन वर्षं भरायला पुरता महिनाही उरला नव्हता. कागद जमवता जमवता दावा तयार झाला तेव्हा हातात तीन दिवस होते, आणि तिची सही बाकी होती. नेमका सहीच्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद पुकारलेला, एसटी एकही सुटली नाही. मी शेडखाली बसून कोटाच्या गुंड्यांशी खेळत राहिलो. दुपारी दोनच्या सुमाराला कडूबाई फाटकातून आत आली. बोरीहून पायी आली होती. पाणी प्यायली, सही केली आणि म्हणाली, "लई उशीर झाला का मला?"

दावा लागला. समोरच्या वकिलांनी पहिल्याच तारखेला आमचा दुखरा भाग पकडला. "बाईंनी झरोका सिमेंटने बुजवला आहे. कायमचा. म्हणजे हक्क स्वतःच सोडला." मी उठून काहीतरी इंग्रजी वाचू लागलो. न्यायाधीशांनी हात वर करून मला थांबवलं आणि थेट तिलाच विचारलं, "बाई, झरोका का बुजवला?"

"साहेब, उजेड सोडला न्हाई मी. खाली घेत होते त्यो वर घ्यायला लागले."

माझं सगळं इंग्रजी त्या एका वाक्यापुढे फिकं होतं. न्यायाधीशांनी बांधकाम आहे तिथं थांबवायला सांगितलं आणि जागा पाहून अहवाल द्यायला रंगनाथराव नावाच्या ज्येष्ठ वकिलांना कमिशनर नेमलं.

मी तिला बाहेर नेऊन समजावलं. "आता झरोका पुन्हा उघडावा लागेल. त्यावर पाटी बसवलीय, ती काढावी लागेल. पाटी वाचायची नाही, पण झरोका वाचेल. पुन्हा पहिल्यासारखं शिवा." हे बोलताना मला वाईट वाटत होतं. दोन वर्षं ट्यूबखाली बसलेल्या बाईला मी परत भोकाखाली बसायला सांगत होतो.

ती बोटावर बोट घासत विचार करत राहिली. मग म्हणाली, "सावली दक्षिणंकून येणार. आदी झरोक्यावर येणार, मग फुडं. बरोबर?"

"बरोबर."

"मग पाटी चार हात मागं सरकवते, उत्तरंला. झरोक्यापस्तोर सावली येऊ द्यायची न्हाई म्हणल्यावर पाटीपस्तोर कशी येईल?"

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. कायद्याने ज्या पाटीला बाहेर ठेवलं होतं, तिला या बाईने कायद्याने राखलेल्या भोकाच्या पाठीशी नेऊन बसवलं. एक अक्षर न वाचता! माझी वकिलीची सनद तिथल्या तिथे तिच्या पिशवीत टाकून द्यावी असं मला वाटलं.

फाल्गुनात रंगनाथराव, मी, माणिकराव आणि त्याचे वकील असे सगळे बोरीला तिच्या घरी गेलो. पाटी मागे सरकली होती. झरोका मात्र तिने मुद्दाम तसाच ठेवला होता. तुमच्या डोळ्यांदेखत उघडते, म्हणाली. आत पाऊल टाकलं आणि मी ठेचकाळलो. जमिनीत चपटे दगड बसवलेले होते. खाली वाकून कंदील धरला तर एक नाही, दोन नाही, जमीनभर दगड. चार-चारचे गट, ओळीने मांडलेले.

"हे काय आहे बाई?" रंगनाथरावांनी विचारलं.

"मशीनच्या पायाखालचे दगड. सारवलेल्या जमिनीत मशीन खचतंय."

"पण इतके?"

"ऊन एका जागी बसतंय का साहेब? ते सरकलं की मशीन सरकवायचं."

झरोक्यातून पडणारा उन्हाचा तुकडा सकाळी पश्चिमेच्या भिंतीकडे असतो, दुपार कलली की पूर्वेकडे जातो. त्या तुकड्यामागे ही बाई ते लोखंडी धूड दिवसातून पाच वेळा ओढत होती. थंडीत ऊन झरोक्यापासून लांब उत्तरेला पडतं, म्हणून तिकडे पाच जागांची एक ओळ होती. होळी आणि दसऱ्याच्या आसपासची मधली ओळ होती. तिसरी ओळ झरोक्याच्या थेट खाली, उलट जराशी दक्षिणेला सरकलेली होती.

"ही दक्षिणेकडे कशी?" मी विचारलं.

"जेठात सूर्य डोक्यावरून पल्याड जातो न्हवं का, उत्तरंकडं. थोडेच दिस. मग परत येतो."

भूगोल घेऊन पदवीधर झालेल्या मला हे माहीत नव्हतं. मी मान डोलावली, जणू माहीत होतं.

रंगनाथरावांनी स्वतः वाकून दगड मोजले. पंधरा जागा, साठ दगड. काही दगडांना लोखंडी पायांनी वाटीसारखे खड्डे पाडले होते. दोन-चार वर्षांत असे खड्डे पडत नाहीत, हे सांगायला वकील लागत नाही. मला मात्र पुराव्याचा आनंद व्हायच्या आधी अंगावर काटा आला. वीस वर्षं सूर्य कुठून कसा गेला ते सगळं या अंधाऱ्या खोलीच्या जमिनीत लिहिलेलं होतं, आणि गावात कुणाला पत्ता नव्हता.

"आता उघडा," रंगनाथराव म्हणाले.

कडूबाईने हात वर केला. "जरा थांबा." तिने बाहेर बोळात जाऊन उन्हाकडे बघितलं, आत आली, मशीनला पाठ लावली आणि ते मधल्या ओळीतल्या एका जागेवर ढकलत नेलं. चारही पाय चार दगडांवर बसले. मग तिने छतावर पहार घेऊन थांबलेल्या गवंड्याला हाक दिली, "फोडा!"

वर पहारीचे घाव बसू लागले. माती गळली, सिमेंटचे तुकडे पडले, आणि एकदम ऊन आत आलं. धुळीतून तिरकं खाली उतरलं आणि मशीनवर पडलं. थेट सुईवर! सुई चमकली. झरोका दोन वर्षं बंद होता, ऊन कुठं पडणार ते कुणी दाखवलेलं नव्हतं, आणि मशीन आधीच तिथं येऊन उभं होतं.

समोरच्या वकिलांच्या तोंडून "अरे देवा" निघून गेलं. माणिकरावाने डोक्यावरची टोपी काढली आणि दाराच्या उंबऱ्यावरच बसला. शेजारी असून तो त्या खोलीत बावीस वर्षांत पहिल्यांदाच आला होता.

"वैनी," तो म्हणाला, "रोज ओढायचा आवाज यायचा. मला वाटायचं तुमी धान्याच्या कणग्या सरकवायल्यात."

"कणग्या रोज कोण सरकवतंय भाऊजी?"

"कुठवर बांधू ते सांगा. तेवढंच बांधतो."

रंगनाथराव मधे पडले. ते कायद्याचे पक्के होते. "अशी अंदाजे तडजोड लिहिता येत नाही. सगळ्यात लांब सावली पौषात पडणार. आज फाल्गुन आहे. पौषातली सावली आज कोण मोजणार? इंजिनिअर बोलवावा लागेल."

"कशाला?" कडूबाई म्हणाली. "भाऊजी, एक बांबू घ्या अन तुमच्या भिंतीवर उभे ऱ्हावा."

तिने मशीन ओढत उत्तरेच्या ओळीत नेलं, पश्चिमेकडच्या पहिल्या जागेवर. पौषात आत येणारं पहिलं ऊन तिथं पडायचं. मग ती मशीनमागे नेहमीसारखी बसली, गाल सुईला टेकवला आणि एक डोळा मिटून झरोक्यातून वर बघू लागली. मला तेव्हा कुठं उमगलं. पौषात ज्या रेषेने ऊन सुईवर उतरतं, त्याच रेषेने ती उलटं वर बघत होती. त्या रेषेत जे दिसेल ते पौषातल्या उन्हाला आडवं येणार.

"डाव्या अंगाला या भाऊजी. आणखी. हां. बांबू वर करा."

बांबूचं टोक झरोक्यात दिसलं.

"एक वीत खाली. आणखी चार बोटं. बस! गेला."

माणिकरावाने बांबू तिथं धरला, गवंड्याने खूण केली. तेवढी उंची कडेच्या भिंतीला, आणि माडी त्यामागे सरकवून, असं ठरलं. तडजोड कोर्टात दाखल झाली. तीत मी एक कलम जास्तीचं घातलं, की झरोक्यामागच्या पाटीवर येणारं ऊनही माणिकराव आणि त्याचे वारस अडवणार नाहीत. जे कायद्याने दिलं नव्हतं ते शेजाऱ्याने सही करून दिलं. नक्कल हातात पडल्यावर कडूबाईने ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि मशीनच्या खणात ठेवून दिली.

पण खरं सांगतो, माझ्या मनातून शंका गेली नव्हती. गाल सुईला टेकवून, एक डोळा मिटून कोर्टाचा निकाल ठरवायचा म्हणजे काय? मुळात मी चिकित्सक माणूस. त्या वर्षी पौष लागला तसा मी एका सकाळी कुणाला न सांगता बोरीला गेलो. माणिकरावाची माडी पुरी झाली होती. त्याला विचारून त्याच्या भिंतीवरून कडूबाईच्या माळवदावर उतरलो. तोही मागून आला. त्यालाही बघायचंच होतं, पण वैनीला विचारायची लाज वाटत होती.

भिंतीची सावली झरोक्यावरून पुढे गेलेली होती. झरोका पुरता अंधारात होता. ही बाई चुकली, आणि तिच्या चुकीवर कोर्टाचा शिक्का मारून देणारा वकील मी होतो. माणिकराव खाली मान घालून म्हणाला, "पाडतो. वरचे दोन थर पाडतो, वकीलसाब."

"थांबा जरा," मी म्हणालो. दुसरं सुचत नव्हतं म्हणून म्हणालो.

आम्ही दोघं उकिडवे बसलो. ऊन चढत होतं तशी सावली मागे येत होती. पाटी केव्हाच उन्हात आली होती. सावली झरोक्याच्या पलीकडच्या कडेला आली, मधोमध आली, अलीकडच्या कडेला टेकली. आणि त्या कडेवरून ती उतरली त्याच क्षणी उन्हाची पहिली तिरीप आत गेली. त्याआधीचं ऊन इतकं तिरपं होतं की भिंत नसती तरी त्या जाड माळवदातून ते खाली पोचलंच नसतं. माणिकरावाच्या भिंतीने कडूबाईचं एक बोटभरसुद्धा ऊन घेतलं नव्हतं, आणि कडूबाईने माणिकरावाची एक वीट जास्त अडवली नव्हती.

माणिकराव माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही. मला तिला वर बोलवायचं होतं, हे बघायला. मी झरोक्यापाशी वाकून हाक मारणार, इतक्यात खालून मशीन चालू झालं.